बॉनेटमध्ये दाढी

४ मार्च

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

अण्णांच्या गाडीला बोट लावायला बंदी असलेली माणसं या जगात दोनच आहेत. एक मी, दुसरी तू. म्हणून हे पत्र तुला. एक्केचाळीस वर्षं आपण ती निळी गाडी बाहेरून पाहिली. आत बसायचं तर चपला हातात, नाक काचेपासून वीतभर लांब, दार अण्णाच उघडणार आणि अण्णाच लावणार. मला चालवायला शिकवलं नाही, कारण मी बोलताना हात हलवतो. आणि तू गॅरेजात शिकाऊ असताना डिकीच्या कडेवरचा रंग मशीनने जाळलास, तेव्हापासून तर तू गाडीजवळून गेलीस तरी अण्णा खाकरतात. आज तुझं स्वतःचं वर्कशॉप आहे, गावभरच्या गाड्या तू चकाचक करतेस, आणि बापाच्या गाडीवरची धूळसुद्धा तुला परकी. हा अन्याय आहे. मी तो तीस वर्षं पोसला, कारण मी सगळ्या जगाच्या अन्यायावर भाषणं करण्यात गुंतलो होतो.

आता मुद्द्याचं. अण्णा चौऱ्याऐंशीचे झाले आणि रोज सकाळी पाव आणायला गाडी काढतात. मागच्या सोमवारी चौकातल्या टपालपेटीला त्यांनी वाहतूक पोलीस समजून गाडी थांबवली आणि वीस मिनिटं तिच्या इशाऱ्याची वाट पाहिली. एका बाईने पत्र टाकायला हात वर केला, तेव्हा पेटीचे आभार मानून निघाले. मी पोस्टात उभी हयात काढली, तरी पेटीला कुणी इतका मान दिलेला पाहिला नव्हता. हसलीस ना? मीही हसलो. पण गुरुवारी शाळेच्या कोपऱ्यावर एक बाई बाबागाडी घेऊन उडी मारून फुटपाथवर चढली, आणि अण्णांना ती दिसलीच नाही. मला दिसली. मी शेजारी बसलो होतो. 

रात्री जेवताना मी त्यांच्याशी दोन तास वाद घातला. शेवटी ते म्हणाले, गाडी घरी आणली त्या दिवशी मी तिच्या बॉनेटमध्ये बघून दाढी केली होती. पुन्हा तशी करता आली, की त्याच दिवशी किल्ली सोडीन. तुझी वहिनी साक्षीदार आहे. तेव्हा मला ते गरगर फिरणाऱ्या मशीनने पॉलिश करायला शिकव. फोनवर नको, फोन अण्णांच्या उशाशी आहे आणि कान त्यांचे अजून शाबूत आहेत. यात तुझा हात आहे हे कळलं, तर ते हट्टाने आणखी दहा वर्षं गाडी चालवतील. उत्तर पोस्टात माझ्या जुन्या खिडकीवर पाठव.

वहिनीची तुला आठवण, आणि माझ्यावरचा लोभ या वेळी जरा यंत्रासह पाठव.

तुझा दादा

*

९ मार्च

ति. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचलं. टपालपेटीच्या जागी आम्ही सगळे हसलो, बाबागाडीच्या जागी मशीनं बंद झाली.

तू आणि पॉलिश! ज्याने स्वतःच्या सायकलची घंटा वहिनीकडून बसवून घेतली, त्याने! असो. माझं एक जुनं मशीन आणि भंगारातलं एक बॉनेट मालवाहू गाडीने पाठवलं आहे. आधी त्या बॉनेटवर हात बसव. अण्णांच्या गाडीजवळ मशीन घेऊन गेलास, तर मी तुझी बहीण नाही.

नीट वाच. गाडी आधी धुऊन कोरडी करायची, सावलीत. कडा आणि उंचवटे कागदी चिकटपट्टीने झाकायचे, कारण तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि आधी तिथेच जळतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर माझं तरुणपण वेगळं गेलं असतं. वायर खांद्यावरून मागे सोडायची. लोकरीच्या पॅडला थोडंसं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावायचं, पॅड पत्र्यावर सपाट टेकवायचा आणि मगच बटण दाबायचं. हवेत कधीही चालू करायचं नाही. अंगावर लोंबणारं काही नको. जोर लावायचा नाही, मशीनचं वजन पुरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात सतत हलता हवा. एका जागी दोन श्वास थांबलास, की रंग तापतो आणि जातो. गेलेला रंग कुठल्याही ठरावाने परत येत नाही.

एक विचारते. किल्ली सरळ काढून का घेत नाहीस?

वहिनीला नमस्कार. मला विसरू नकोस एवढं म्हणायची सोय तू ठेवलेली नाहीस, तेव्हा मशीनला विसरू नकोस.

तुझी बुटकी

*

१७ मार्च

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

तुझं मशीन मंगळवारी आलं आणि पत्र शुक्रवारी. मधल्या तीन दिवसांत जे घडलं त्याला टपालखातं जबाबदार आहे, आणि हे मी, त्या खात्याचा माणूस, लिहितो आहे.

बॉनेट ठेवायला जागा नव्हती म्हणून जेवायच्या टेबलावर ठेवलं. आता आम्ही उभ्याने जेवतो. मशीन मी हवेत चालू केलं. कंपाउंड छतावर, पडद्यांवर, आणि समोरच्या होमिओपॅथांच्या पांढऱ्या पँटवर गेलं. ते बिचारे त्यांचं फाटक आपल्या गाडीने मोडलं हे सांगायला आले होते. आपल्या म्हणजे अण्णांच्या. फाटकाचं पुढे बोलणंच निघालं नाही, त्यांचं सगळं लक्ष पँटकडे. मग माझा मफलर मशीनमध्ये गुंडाळला गेला आणि मशीन चढत चढत गळ्यापर्यंत आलं. वहिनीने प्लग काढला. ती म्हणते, तीस वर्षांत मी वाक्य अर्धवट सोडल्याचं तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि प्लग काढायला तिने किंचित उशीर केला.

तुझं पत्र आल्यावर सगळं तुझ्या शब्दाप्रमाणे केलं. चिकटपट्टी, वायर, सपाट पॅड. चकाकी येते गं! काळवंडलेल्या पत्र्यातून दिवा वर येतो. मला वाटलं, हेच तर मी आयुष्यभर सभांमधून सांगत होतो, की वरची काजळी घासा, माणूस आत आहे. पण बॉनेटवर सात ठिकाणी रंग जळून पत्रा दिसतो आहे. हात हलता ठेवतो, शपथ घेऊन सांगतो. मग हे डाग कुठून येतात? सोबत नकाशा काढून पाठवतो आहे.

किल्ली का घेत नाही म्हणतेस. एक तर ती अण्णांच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली आहे आणि ते आंघोळीतही काढत नाहीत. पण मला झोपेत ती कापता येईल. कापणार नाही. दुबळ्याच्या हातातून वस्तू हिसकावणाऱ्यांविरुद्ध मी जन्मभर बोललो. आता माझा बाप दुबळा झाला म्हणून मी हिसकावू? त्यांनी शब्द दिला आहे. तो पुरा करून घेईन.

पत्राची वाट छताखाली बसून पाहतो आहे. छत अजून ठिबकतं.

दादा

*

२८ मार्च

ति. दादास, सा. न. वि. वि.

नकाशा मिळाला. तो मी भिंतीवर लावला आहे, आमच्याकडची मंडळी येता-जाता त्याला सलाम करतात.

सात डाग, सगळे सारख्या अंतरावर. तीस वर्षांत मी असं जळणं पाहिलं नाही. अनाडी माणूस कुठेही जाळतो, तू शिस्तीत जाळलं आहेस. मी दोन दिवस विचार केला आणि मग वहिनीला वेगळं पत्र टाकून विचारलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं, की मशीन हातात असताना तू भाषण करतोस.

मग सगळं उलगडलं. दादा, तू मुद्द्यावर आलास की थांबतोस. लहानपणापासून. वाक्य चढवत नेतोस, हात उंच होतो, आणि शेवटच्या शब्दाआधी सगळ्या सभेला श्वास रोखायला लावतोस. सभेत त्याने टाळ्या पडतात. पत्र्यावर भोक पडतं. ते सात डाग म्हणजे तुझे सात मुद्दे आहेत.

इलाज एकच. मशीन चालू असेपर्यंत तोंड बंद. मनातल्या मनातही भाषण नको, मनातसुद्धा तू थांबतोस हे मला माहीत आहे. आकडे मोज, नाहीतर काहीच करू नकोस.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र सोबत पाठवते. पॉलिश म्हणजे रंग वाढवणं नव्हे, दर वेळी थोडा रंग खरवडूनच चमक येते. अण्णांच्या गाडीचा आकडा एकशे तीसच्या आसपास असेल. ऐंशीच्या खाली जायचं नाही. त्याखाली राखाडी प्रायमर, रंगाचं अस्तर, वाट बघत असतो.

गप्प राहायला जमेल ना? नाही जमलं तर कळव, मी दुसरा भाऊ बघते.

बुटकी

*

१४ एप्रिल

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

जमलं. दोन आठवडे मी दिवसाचे चार तास गप्प असतो. पहिल्या दिवशी वहिनी डॉक्टरांना बोलवायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी होमिओपॅथ चौकशीला आले आणि जाताना हळूच म्हणाले, हे कोणत्या औषधाने झालं ते सांगा, आमच्याकडे एक मेहुणे आहेत. मी उत्तर दिलं नाही, मशीन चालू होतं.

तुझ्या भंगार बॉनेटवर एकही नवा डाग नाही. मग अण्णांची परवानगी घेऊन गाडीपाशी गेलो. पहिल्या पाच मिनिटांत पांढरा पॅड निळा झाला. बुटके, मी मशीन बंद केलं. वाटलं, गाडीचं रक्त काढलं मी. दोन दिवस हात लावला नाही, नुसता शेजारी स्टुलावर बसून राहिलो. मग तुझ्या यंत्राने मोजलं, आकडा फक्त तीनने उतरला होता, म्हणून धीर करून पुढे गेलो. लोकर, मग स्पंज, मग मऊ कापड. संपलं तेव्हा बॉनेटवर आख्खं आभाळ उतरलं होतं.

अण्णांनी दाढीचं सामान मागवलं. स्टूल टाकून बसले, साबण लावला, वाकले, सरळ झाले. म्हणाले, भोपळा दिसतो आहे. मी पुन्हा घासलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, भोपळाच आहे, पण जवळ आला. तिसऱ्या वेळी त्यांनी वस्तरा लावला आणि कानाला साबणासकट कापून घेतलं. चौथ्या वेळी मला म्हणाले, तुझ्याकडून व्हायचं नाही, जाऊ दे, मी पाव घेऊन येतो. आणि गेले.

आकडा शंभरावर आला आहे. चकाकी इतकी आहे की वहिनी गाडीकडे बघून टिकली लावते. तरी भोपळा! आणखी किती घासू? गाडी संपेल, शब्द पुरा होणार नाही, आणि काल अण्णा शाळेच्या कोपऱ्यावरून पुन्हा गेले.

वहिनीने काढलेला फोटो पाठवतो. बघ आणि लवकर लिही. पोस्टाच्या खिडकीवर मी रोज तीनदा जातो.

दादा

*

१९ एप्रिल

ति. दादास, सा. न. वि. वि.

मशीन ठेव खाली. आत्ता.

जुन्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर नसतो, म्हणून पॅडला रंग लागतोच. हे सांगायचं मी विसरले, त्या दोन दिवसांबद्दल माफ कर. पण फोटो मी भिंग लावून पाहिला. बॉनेटमध्ये वहिनीच्या हातातला कॅमेरा दिसतो, तिच्या मागची खिडकी दिसते, खिडकीत वाळणारी होमिओपॅथांची पँट दिसते, आणि पँटवरचे कंपाउंडचे डाग मी मोजले, अकरा आहेत. दादा, इतकं स्वच्छ काम माझ्याकडच्या दोघांना अजून येत नाही. हे मी त्यांनाही सांगितलं, ते रुसले आहेत.

गाडी झाली. गाडीत काही उरलेलं नाही. भोपळा बॉनेटमध्ये नाही, अण्णांच्या डोळ्यांत आहे. टपालपेटीच्या वेळीच आपल्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. आपण दोघं इतके हुशार, की बापाला दिसत नाही हे कळायला आपल्याला पत्रा घासावा लागला.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. आणि नेण्याआधी नीट विचार कर. मोतिबिंदू काढला तर त्यांना चेहरा दिसेल, हे खरं. पण रस्ताही दिसेल. मग गाडी सोडा म्हणायला आपल्या हातात काय उरतं?

उत्तर लगेच पाठव. काळजीत आहे, आणि तरीही तुझा अभिमान वाटतो, हे वाचून फुगू नकोस.

बुटकी

*

२६ एप्रिल

चि. गॅरेजवालीस आशीर्वाद.

अक्षर ओळीवर राहत नाही, सांभाळून घे. तुझी वहिनी पत्ता घालणार आहे. पत्र तिला वाचू दिलेलं नाही.

तुझा भाऊ बिघडला आहे. दिवसच्या दिवस बोलत नाही. एक गुरगुरणारं मशीन घेऊन माझ्या गाडीभोवती फिरतो आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजतो. तुझ्या धंद्यात सगळेच असे मुके होतात का, ते कळव. मी त्याच्या भाषणांना चाळीस वर्षं कंटाळलो, पण आता घर फार रिकामं वाटतं.

काल त्याने माझ्या हातात पेपर दिला आणि वाचायला सांगितलं. मी रेडिओवर ऐकलेल्या बातम्या म्हणून दाखवल्या. पेपर उलटा होता म्हणे. त्यावरून दोघं नवराबायको मला डोळे कापायला घेऊन निघाले आहेत. मी म्हटलं, रस्ता मला पाठ आहे, बघायची गरज काय. त्यावर तो म्हणाला, रस्ता पाठ आहे, रस्त्यावरची माणसं रोज नवी असतात. हे त्याने हळू आवाजात सांगितलं. ओरडला असता तर मी ऐकलं नसतं.

खरं सांगतो, भीती वाटते. डोळ्यांची नाही. आत्ता मला सगळं जसं होतं तसंच दिसतं. तुझी आईसुद्धा दारात उभी दिसते कधी कधी. उद्या स्वच्छ दिसलं, तर काय काय दिसणार नाही कुणास ठाऊक.

तू काय म्हणतेस ते लिही. तुझा सल्ला मी कधी मागितला नव्हता, हे मला माहीत आहे.

अण्णा

*

३० एप्रिल

ति. दादास, सा. न. वि. वि.

अण्णांचं पत्र आलं. काय लिहिलं आहे ते सांगणार नाही, त्यांनी वहिनीलाही दाखवलेलं नाही. कपाटात ठेवलं आहे आणि दिवसातून दोनदा कपाट उघडते, एवढं सांगते.

ऑपरेशन कर. मागच्या पत्रात मी फार हिशेबी लिहिलं, त्याची लाज वाटते. त्यांना आंधळं ठेवून गाडी सोडवायची, हा विचार माझ्या मनात दोन मिनिटं का होईना आलाच होता. नजर परत आली आणि तरी त्यांनी गाडी चालवायची म्हटलं, तर निदान समोरची बाई त्यांना दिसेल. बाकी त्यांच्या शब्दावर सोड. किल्ली हिसकावणार नाही म्हणालास, ते तेव्हा मला वेडेपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

अण्णांना मी तीन ओळी लिहिल्या आहेत. डोळे करून घ्या, दिसेल ते बघा, आणि दादा मुका झालेला नाही, तो काम शिकला आहे. कुणाकडून ते लिहिलं नाही.

वहिनीला सांग, टेबलावरचं बॉनेट आता उतरवलं तरी चालेल.

बुटकी

*

२० मे

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र हाताला जड लागेल. का, ते शेवटी कळेल. आधी सगळं वाच, उड्या मारत वाचायची तुझी सवय मला माहीत आहे.

दोन्ही डोळे झाले. डॉक्टरीणबाईंनी काल शेवटचं तपासून सांगितलं, की आजोबांना आता रस्त्याच्या टोकाची पाटी वाचता येते, गाडी चालवायलाही हरकत नाही. तेच मला नको होतं. घरी येईपर्यंत मी भाषण तयार केलं. मुद्दे चाळीस होते. शाळेचा कोपरा, बाबागाडी, वय, शब्दाची किंमत, सगळं.

अण्णा घरात आलेच नाहीत. थेट गाडीपाशी गेले. वहिनीने न सांगता दाढीचं सामान आणलं, होमिओपॅथही आपल्या नव्या फाटकाशी येऊन उभे राहिले. अण्णा स्टुलावर बसले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. बराच वेळ. मग मला विचारलं, हा म्हातारा कोण?

मी म्हटलं, तुम्ही.

ते पुन्हा वाकले. गालाला हात लावून पाहिला, बॉनेटमधल्यानेही लावला. डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. मग साबण लावला आणि संपूर्ण दाढी केली, अगदी हनुवटीच्या खळीसकट, एकही ओरखडा न उमटवता. तोंड पुसलं, आणि बॉनेटकडे बोट दाखवून मला म्हणाले, तू याच्या हातात गाडी देशील का?

बुटके, माझे चाळीस मुद्दे जिभेवर होते. मी नुसतं नाही म्हटलं.

मीही देणार नाही, असं म्हणून त्यांनी गळ्यातला दोरा काढला.

मग ते गाडीभोवती फिरले. कडांवरून बोट फिरवत होते आणि एकही कड जळलेली नाही हे पाहत होते. विचारलं, कडा झाकायचं तुला कुणी शिकवलं? खोटं बोलायला मला जमलं असतं, पण दीड महिन्यात माझी बोलायची सवयच मोडली आहे. मी तुझं नाव सांगितलं. ते डिकीपाशी गेले, आणि तुझा तो डाग शोधायला लागले. त्यांना तो सापडेना. शेवटी मीच दाखवला. नखाएवढा आहे, बुटके. ते म्हणाले, मला वाटत होतं तळहाताएवढा आहे. मग किती वर्षं झाली असं विचारलं. तीस म्हटल्यावर ते कुणाकडेच न बघता घरात गेले आणि चहा न घेता झोपले.

आज सकाळी उठून त्यांनी स्वतः पाकीट मागितलं, किल्ली आत टाकली, आणि पुन्हा काढून दोरा धुऊन मग टाकली. ती सोबत आहे. मला का नाही, असं मी विचारलं. म्हणाले, तू बोलताना हात हलवतोस.

एक अडचण मात्र उभी राहिली आहे. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा अण्णा मागच्या सीटवर बसले. तिथे त्यांना काच खाली करायचं हँडल सापडलं, पाय लांब करता येतात हे कळलं, आणि आता ते उतरायला तयार नाहीत. टोपी घालून, पेपर सुलटा धरून बसून आहेत. दोन वेळा जेवण मी तिथेच नेऊन दिलं. दर अर्ध्या तासाने काच खाली करतात आणि निघायचं कधी ते विचारतात. होमिओपॅथांनी शेजारी बसून त्यांना सोबत केली, पण त्यांना दवाखाना आहे. या घरात गाडी चालवता येणारं एकही माणूस उरलेलं नाही.

म्हणून सांगतो, वर्कशॉप तुझ्या माणसांवर सोड, शनिवारच्या पहिल्या बसने ये, चपला पायात ठेवून पुढच्या सीटवर बस, आणि गाडी फाटकाबाहेर काढ.

तुझा दादा